ह्यांचा आकडा आठ

आमच्या घरात दोन दुकानं आहेत असं मी म्हणते आणि लेक चिडते. "आई, दवाखान्याला दुकान नाही म्हणायचं." बरं बाई. तर आमच्या घराच्या तळमजल्यावर डावीकडे ह्यांचं औषधांचं दुकान आहे आणि उजवीकडे लेकीचा दवाखाना. मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक दार. ते दार मी उघडं ठेवते, हे बंद करतात, लेक पुन्हा उघडते. मी दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. नावं लिहून घेते, ताप बघते, बोटाला सुई टोचते, आणि जे लोक उगाच लक्ष वेधायला खोकतात त्यांच्याकडे चष्म्यावरून बघते. तेवढ्यानं निम्म्यांचा खोकला थांबतो.

ह्यांनी चाळीस वर्षं काउंटरमागे उभं राहून काढली. कुणीही शिंकत आलं, कण्हत आलं, नुसतं घसा धरून उभं राहिलं, की ह्यांचा हात न बघता मागच्या फळीवर जायचा आणि अँटिबायोटिकची पट्टी काउंटरवर यायची. "पाच दिवस, जेवणानंतर." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की गल्लीनं त्यांचं नावच 'पाच दिवस' पाडलं. "पाच दिवसांच्या दुकानातून घेतलं," असं लोक सांगायचे. ह्यांना त्याचा राग नव्हता. उलट लोक म्हणायचे ह्यांच्या हाताला गुण आहे, आणि ते ऐकून हे मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग लेक डॉक्टर झाली, बाहेर चार वर्षं नोकरी करून परत आली आणि येताना ते यंत्र घेऊन आली.

यंत्र केवढं, तर टोस्टर असतो तेवढं. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, छोट्या नळीत भरायचा, यंत्रात सरकवायचा. चार मिनिटांनी ते 'टी टी' करतं आणि आकडा दाखवतं. त्या तपासणीला सीआरपी म्हणतात. अंगात जंतूंनी जोराची चढाई केली असेल तर आकडा उसळी मारतो, साधा फ्लू असेल तर सहसा खालीच राहतो. लेकीनं मला पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं होतं. वीसच्या खाली असेल तर अँटिबायोटिक नको, पडून राहा, पाणी प्या. शंभरच्या वर असेल तर हवंच. आणि मधला असेल तर डॉक्टरनं स्वतःचे कान आणि स्वतःचं डोकं वापरायचं.

"फ्लूच्या विषाणूला ह्या गोळ्यांनी काही होत नाही, बाबा," ती ह्यांना म्हणाली. "तो आपला आपण जातो. तुमच्या पट्टीनं जात नाही."

"चाळीस वर्षं जात होता," हे म्हणाले आणि मधलं दार लावून घेतलं.

त्या थंडीत फ्लूची अशी साथ आली की दवाखान्यात बसायला जागा नव्हती. मी दिवसाला तीस तीस बोटं टोचत होते. आकडा बारा, आकडा सात, आकडा एकोणीस. लोक आधी कुरकुरले. पोस्टमन तर म्हणाला, "मावशी, भोक पाडून घेतलं आणि गोळी पण नाही?" पण चार-पाच दिवसांत तोच बरा होऊन पत्रं वाटत फिरायला लागला आणि दारोदार स्वतःचा आकडा सांगायला लागला. बाकड्यावर बसलेली माणसं एकमेकांना आकडे विचारायची. ज्याचा कमी तो छाती काढून बसायचा.

हे सगळं ह्यांना भिंतीपलीकडून ऐकू जायचं. ते यंत्राला टोस्टर म्हणायचे. "काय, भाजला का आज कुणाला?" जेवताना विचारायचे. लेक हसून सोडून द्यायची, पण मी आई आहे, मला दिसायचं. तिला मोठमोठ्या डॉक्टरांनी नावाजलं होतं, त्याचं तिला काही नव्हतं. तिला ह्या एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरी, तुझं बरोबर आहे. आणि तेवढंच ह्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

मग एका सोमवारी हे स्वतःच आडवे झाले.

सकाळी दुकान उघडताना शिंकत होते, दुपारपर्यंत ताप एकशे दोन. मी मधल्या दारातून बघितलं तर हे स्टुलावर बसून स्वतःच्या फळीवरची पट्टी फोडत होते. मी काही बोलायच्या आत लेक माझ्या शेजारून आत गेली.

"बाबा, थांबा. आधी बोट द्या."

"मला टोस्टर नको."

"घाबरलात?"

हा शब्द ह्यांना चालत नाही. ते उठले आणि ताठ मानेनं दवाखान्यात येऊन बाकड्यावर बसले. बाकड्यावर सात माणसं होती, सगळी सरसावून बसली. हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आकडा मोठा आला तर हिनं ह्या सगळ्यांसमोर कबूल करायचं की बापाला कळतं."

"आणि लहान आला तर?" लेकीनं विचारलं.

"तर तू म्हणशील ते. पुन्हा तोंडातून ब्र काढणार नाही. शब्द देतो."

मी टोचलं. चार मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. टी टी झालं आणि मी आकडा वाचला. आठ.

बाकड्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना. लेकीनं छाती नीट तपासली, तीही साफ होती. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की शाळेत पहिली आली तेव्हाही मी तसा बघितला नव्हता. "आठ, बाबा," ती म्हणाली. "काही नको. वर जा आणि झोपा."

ह्यांनी फोडलेली पट्टी खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता जिना चढून गेले.

इथे मला एक सांगायलाच हवं. मी प्रत्येक पेशंटला जाताना एक चिठ्ठी देते. लेकीनंच छापून घेतली आहे. 'हा आकडा फक्त आजचा आहे. ताप उतरून पुन्हा चढला, किंवा दम लागला, तर वाट बघू नका, परत या.' नुसती देत नाही, वाचून घेते. पोस्टमनला तर दोनदा वाचायला लावली होती. लेकही आत प्रत्येकाला तोंडी सांगते. ह्यांना तिनं सांगितलं नाही आणि मी चिठ्ठी दिली नाही. घरच्या माणसाला कुठे चिठ्ठी द्यायची? आणि ती जिंकली होती, मी हसत होते. आम्हा दोघींच्या डोक्यातून ते साफ निघून गेलं.

पुढचे तीन दिवस हे शहाण्या मुलासारखे पडून राहिले. अंग दुखायचं, पण तक्रार नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि हे उशीला टेकून पेपर वाचायला लागले. दुकानात माझी नणंद बसत होती. तीही फार्मासिस्ट, हे आजारी पडले की दोन गल्ल्या ओलांडून येते आणि येताना भावाला चार शब्द सुनावते. "दादा, बिनगोळीचा बरा झालास की रे! आता चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवणार?" हे नुसते हसले.

मी मात्र चक्रावले होते. सरळ माघार घेणारा हा माणूस नव्हे. "अहो, खरंच पटलं की काय?" मी विचारलं.

"आठ म्हणाली ना ती? मग आठ," हे म्हणाले आणि पेपर उलटला.

सहाव्या दिवशी मी दुपारी सूप घेऊन वर गेले. पेपर घडी केलेला तसाच पडला होता. हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी म्हटलं, "सूप अळणी झालंय." जे माझ्या हातचं मीठ गेली चाळीस वर्षं मोजत आलेत, ते म्हणाले, "चालेल... ठेव... तिथे." तीन शब्द आणि मध्ये दोन वेळा श्वास. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"कधीपासून?"

"काल... सकाळपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"आठ... होता."

मी जिन्यावरून एवढ्या मोठ्यानं हाक मारली की दवाखान्यातलं अख्खं बाकडं उभं राहिलं. लेक धावत आली. तिनं छातीला नळी लावली, उजव्या बाजूला खाली एका जागी थांबली, पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग मला म्हणाली, "यंत्र वर आण." मी ते टोस्टर कडेवरच्या पोरासारखं छातीशी धरून वर आणलं. ह्या वेळी चार मिनिटं संपता संपेनात.

एकशे चौसष्ट.

"फ्लूनंतर न्यूमोनिया झालाय," लेक म्हणाली. आवाज डॉक्टरचा होता, पण चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, ताप परत आला तेव्हाच सांगायचं ना! का नाही सांगितलंत?"

हे तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं की ही का विचारतेय. "तू काही नको म्हणालीस," ते थांबत थांबत म्हणाले. "शब्द दिला होता. म्हटलं, तुला माहीत असेल."

लेक वर्षानुवर्षं जे मागत होती ते तिला मिळालं होतं. ह्यांनी तिच्यावर पुरता विश्वास टाकला होता, इतका की दीड दिवस दम कोंडून पडून राहिले. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तेवढा वेळ नव्हता. तिनं गाडी बोलावली.

इस्पितळात एक्स-रे काढला. फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग होता. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला आणि म्हणाल्या, "घरी डॉक्टर आहे, तर घरी न्या. गोळ्या लगेच सुरू करा, सकाळ-संध्याकाळ तपासा, जरा खाली गेले तर इकडे आणा." म्हणजे ह्यांना शेवटी अँटिबायोटिक मिळालंच. नणंदेनं ते दुकानातून आणून हातावर ठेवलं तेव्हा तिच्यासुद्धा तोंडातून चेष्टा निघाली नाही.

दोन दिवसांत हे सावरायला लागले. आकडा नव्वदवर आला, मग साठवर. तिसऱ्या दिवशी सूप अळणी असल्याची तक्रार झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण लेक सावरेना. खालच्या टेबलाशी बसून मला दिसत होतं. एक शाळेतल्या बाई आल्या, आकडा अकरा. लेकीनं छाती तपासली, आकड्याकडे बघितलं, पुन्हा छाती तपासली आणि पट्टी लिहून दिली. मागून एक सुतार आला, आकडा सहा. त्यालाही पट्टी. एका धट्ट्याकट्ट्या पोरीचा आकडा चार, तिला पट्टी आणि वर एक्स-रे. पोस्टमन बायकोला घेऊन आला होता, तिचा नऊ. चिठ्ठीवर औषध बघून तो माझ्या टेबलाशी आला. "मावशी, आमचा तेरा असताना काही दिलं नव्हतं. हिला नऊला दिलं. आता नियम उलटा झाला का?"

मी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण ह्या वेळी तो हलला नाही. मी आत गेले. म्हटलं, "अगं, मग टोचायचं कशाला? थेट पट्ट्याच वाटू."

"आई, तू मध्ये पडू नकोस," ती म्हणाली. आणि तिनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ही बातमी वर नेली माझ्या नणंदेनं. दुपारी चहा घेऊन गेली आणि दारातूनच म्हणाली, "दादा, तुझी लेक तर तुझ्या वरताण निघाली. फळी रिकामी केली तीन दिवसांत! तूसुद्धा एवढ्या पट्ट्या कधी वाटल्या नाहीस."

मला वाटलं हे खूश होतील. त्यांचा विजयच होता तो. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "तिला बोलाव."

"दवाखाना चालू आहे."

"बाकडं बसलेलं राहू दे. बोलाव."

लेक आली. पलंगाच्या पायाशी उभी राहिली, ओरडा खायला आलेल्या पोरीसारखी. आम्ही दोघी नणंद-भावजया दारात. हे बराच वेळ पांघरुणाची किनार सरळ करत बसले.

"तू जन्मली नव्हतीस तेव्हाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "दुकान नवीन होतं. त्या काळी लोक डॉक्टरकडे जायच्या आधी आमच्याकडेच यायचे. एक शिंपीणबाई यायची. खोकला घेऊन आली. मला वाटलं साधा आहे. मी म्हटलं, काही नको, गरम पाणी पी. आठ दिवसांनी तिला उचलून इस्पितळात नेलं. वाचली, पण महिनाभर शिलाई मशीनवर बसू शकली नाही. माझ्या दुकानासमोरच तिचं दुकान. महिनाभर ते बंद दार मी बघत होतो."

"बाबा..."

"ऐक. त्यानंतर मी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. कुणालाच. लोक म्हणाले, ह्याच्या हाताला गुण आहे. गुण कसला? मी घाबरलो होतो. कुणाला गरज आहे आणि कुणाला नाही, ते मला कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांना देत होतो. चाळीस वर्षं घाबरत घाबरत दुकान चालवलं मी."

माझ्या नणंदेनं माझा हात धरला. ह्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं संसार केला, एका ताटात जेवले, दिवसातून दहा वेळा भांडले, आणि ही शिंपीणबाई मला माहीत नव्हती. मला रागही आला आणि ह्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं.

"तुला कळतं," हे लेकीला म्हणाले. "तुझ्याकडे ते टोस्टर आहे, तुझे कान आहेत, शिक्षण आहे. माझा आकडा आठ होता तेव्हा आठच होता. तुझं बरोबर होतं. पुढे बदलला, ते तू सांगायला विसरलीस आणि मी विचारायला विसरलो. त्यासाठी खालच्या लोकांना गोळ्या का चारतेस? मी घाबरून दिल्या. तू घाबरून देऊ नकोस."

लेक रडायला लागली. मोठी डॉक्टरीणबाई, गळ्यात नळी, आणि नाक ओढत रडत होती. "आणि पुन्हा चुकलं तर?"

"चुकेल की," हे म्हणाले. "परवा चुकलं, मेलो का मी?"

"अहो, जिभेला काही हाड!" मी दारातून ओरडले.

हे हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. लेकीनं डोळे पुसले, पुढे होऊन ह्यांच्या पाठीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकलं. "बरंच मोकळं झालंय," ती म्हणाली. मग खाली वाकून तिनं ह्यांच्या कपाळावर गाल टेकला. ताप बघायची ही पद्धत कुठल्या कॉलेजात शिकवत नसावेत.

लेक आणि मी खाली आलो. बाकड्यावरचे लोक घड्याळाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितल्यावर छताकडे बघायला लागले. पुढचा नंबर एका बस ड्रायव्हरचा होता. त्याला दोन दिवस ताप, अंगदुखी, आकडा चौदा. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. लेकीनं त्याची छाती पुढून ऐकली, मागून ऐकली, श्वास मोजले. तिचा हात एकदा औषध लिहायच्या पॅडकडे गेला.

बस ड्रायव्हर म्हणाला, "द्या ना डॉक्टर काहीतरी. उद्या गाडी काढायचीय."

माझ्या हातातलं पेन टेबलावर तसंच थांबलं होतं.

"उद्या गाडी काढायची नाही," ती म्हणाली. "आणि गोळीही नाही." ताप पुन्हा चढला किंवा दम लागला तर लगेच परत यायचं, हे तिनं तोंडी सांगितलं आणि मी त्याला चिठ्ठी दोनदा वाचायला लावली.